कुंपण न दिसणारी बाग

व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय म्हटला की लढाई, तह, राज्यारोहण, नाही तर निदान एखादे कटकारस्थान तरी ऐकावयास मिळेल, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज आम्ही एका बागेविषयी बोलणार आहोत हे ऐकून पुढच्या रांगेतील काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठी पडली असेल, तर त्यात त्यांचा दोष नाही. बाग म्हणजे संध्याकाळी नातवंडांचा हात धरून जाण्याची आणि भेळ खाऊन परतण्याची जागा. तिला कसला आला आहे इतिहास? पण आम्ही जी बाग सांगणार आहोत तिच्यात मंत्रिमंडळ पाडण्याचे मनसुबे शिजले. तिच्यातील एका देवळावर दूरच्या देशांतील लढायांचे यश साजरे झाले. तिच्यापायी एक गाव उठले, तिच्या मालकाचे दिवाळे निघाले, आणि त्याच घराण्याचा शेवटचा ड्यूक आपल्या देशातील एका भीषण दुष्काळाच्या वेळी मद्रासच्या गव्हर्नराच्या खुर्चीवर होता. एवढे असल्यावर लढाईवाचून अडू नये.

ह्या बागेचे नाव स्टो. लंडनच्या वायव्येस सुमारे साठ मैलांवर बकिंगहॅमशायर नावाचा परगणा आहे. त्यातील बकिंगहॅम ह्या लहानशा गावापासून दीड मैल लांबीचा एक सरळसोट, दुतर्फा झाडांचा रस्ता निघतो आणि चढावर उभ्या असलेल्या एका प्रचंड कमानीपाशी थांबतो. सुमारे साठ फूट उंचीची ही कमान पाहून आपल्याकडील माणसास वेशीची आठवण होते. वेस ओलांडली की गाव लागावे, ही आपली सवय. येथे कमानीतून पलीकडे पाहावे तो गाव नाही, वस्ती नाही, शेतही नाही. हिरवळीचा उतार, खाली तळे, पुन्हा वर चढत गेलेली हिरवळ आणि तिच्या माथ्यावर एक लांबच लांब वाडा. १७८६ साली टॉमस जेफर्सन व जॉन अ‍ॅडम्स हे दोघे, जे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले, ही बाग पाहावयास आले होते. कोठेही न नेणारी ही कमान जेफर्सन यांना अगदी निरुपयोगी वाटली आणि त्यांनी तसे टिपून ठेवले. अ‍ॅडम्स यांना मदिरेच्या आणि मदनाच्या देवतांची देवळे बांधण्याचे प्रयोजन कळेना. त्या बाबतीत मनुष्यजातीला उत्तेजनाची गरज नाही, असा त्यांच्या शेऱ्याचा आशय होता. ह्या दोन्ही शेऱ्यांशी आम्ही बहुतांशी सहमत आहोत. तरी त्या उतारावर उभे राहिल्यावर आमचा पाय तेथून निघेना, हेही सांगून टाकतो.

इंग्लंडातील ह्या प्रकारच्या बागेची गंमत अशी की, ती बाग आहे हे प्रथम ध्यानातच येत नाही. फुलांचे ताटवे नाहीत, मेंदीची कापलेली कुंपणे नाहीत, रांगेने उभी असलेली कारंजी नाहीत. नुसते गवत, पाणी आणि झाडे. झाडेही एके ठिकाणी पाच, दुसरीकडे एकच, तिसरीकडे दाट राई. जणू काही सृष्टिकर्त्याने हा प्रदेश असाच निर्माण केला आणि इंग्रजांनी फक्त त्यावर नाव घातले. वस्तुतः ह्यातला एकही उंचवटा, एकही वळण आपोआप झालेले नाही. जे तळे निसर्गाचे वाटते ते बांधलेले आहे. जी दरी वाटते ती खणलेली आहे.

ह्या दरीचीच हकीकत पाहा. वाड्याच्या ईशान्येस 'ग्रीक दरी' म्हणून एक रम्य जागा आहे. १७४७ च्या सुमारास ती करण्याचे ठरले, तेव्हा तेथे दरी नव्हती. फावडी, टिकाव आणि हातगाड्या घेऊन मजुरांनी तेथून २३,५०० घनयार्ड माती हलविली. आपल्या गवंड्यांच्या हिशेबाने हे सहा हजारांहून अधिक ब्रास होतात. ज्याने कधी घर बांधताना एका खोलीचा पाया खणून घेतला असेल त्याला हा आकडा काय आहे ते सांगावयास नको. हे काम ज्याच्या देखरेखीखाली झाले तो तरुण लॅन्सलॉट ब्राऊन. नॉर्थंबरलंडमधील कर्कहार्ल ह्या खेड्यातला हा मुलगा १७४१ साली स्टो येथे मुख्य माळी म्हणून आला, दहा वर्षे तेथे राहिला, १७४४ साली तेथल्याच चर्चमध्ये त्याचे लग्न लागले, आणि पुढे तो इंग्लंडातील सर्वांत नामांकित बागरचनाकार झाला. कोणाही जमीनदाराची जमीन पाहिली की 'हिच्यात पुष्कळ शक्यता आहेत' असे म्हणण्याची त्याला सवय होती, म्हणून लोक त्याला 'केपेबिलिटी ब्राऊन' म्हणत. धंद्याची ही हातोटी आजच्या वास्तुशास्त्रज्ञांसही अपरिचित नसावी.

हा १७४१ ते १७५१ चा काळ म्हणजे आपल्याकडे नानासाहेब पेशव्यांचा. नानासाहेबांच्याच कारकीर्दीत कात्रजचे पाणी पुण्यात आले, पर्वतीवर देऊळ उभे राहिले आणि पायथ्याशी तळे झाले. तेव्हा जमीन खणणे, पाणी वळविणे, झाडी लावणे ह्या कलेत आपण मागे होतो, असे कोणी समजू नये. फरक आहे तो दुसरीकडे. कात्रजचे पाणी शहरातील हौदांवर आले आणि त्यावर घागरी भरल्या गेल्या. स्टोच्या तळ्याचे काम एकच: वाड्याच्या खिडकीतून ते चांगले दिसले पाहिजे.

आता मालकाकडे वळू. टेंपल हे मूळचे मेंढपाळीवर वर आलेले घराणे. १५७१ साली पीटर टेंपल याने स्टोची जमीन खंडाने घेतली. त्याच्या मुलाने ती १५८९ साली विकत घेतली. लोकरीचा पैसा वाढत गेला, पदव्या आल्या, वाडा बांधला गेला. पुढे ह्या घराण्यात सर रिचर्ड टेंपल झाला. तो मार्लबरोच्या हाताखाली फ्रेंचांशी लढलेला सेनापती. नंतर त्याला व्हायकाउंट कोबम ही पदवी मिळाली. १७१५ साली त्याने लंडनमधील एका धनाढ्य मद्य-कारखानदाराच्या मुलीशी लग्न केले. बायकोचा हुंडा आणि बापाची जमीन अशी दोन्ही तोंडे जुळल्यावर त्याने बाग मांडली, आणि १७४९ साली मरेपर्यंत तो ती वाढवीतच राहिला. व्हॅनब्रू, ब्रिजमन, केंट, गिब्स, ब्राऊन असे त्या काळचे उत्तमोत्तम कारागीर त्याने एकामागून एक कामास लावले. आज अडीचशे एकरांच्या बागेत चाळीसहून अधिक देवळे, स्तंभ, पूल आणि स्मारके आहेत. घराण्याचे आडनावच 'देवळे' अशा अर्थाचे. त्यावर कोटी करून त्यांनी 'तुझी देवळे किती सुंदर' अशा अर्थाचे लॅटिन बिरुद घेतले होते. कोटी करणाऱ्याने ती एवढ्या खर्चाने सिद्ध करून दाखविल्याचे दुसरे उदाहरण आमच्या तरी पाहण्यात नाही.

ही देवळे पूजेची नव्हेत. ती वाचावयाची आहेत. ज्याला हे कळले नाही त्याला ही बाग म्हणजे एक सहलीची जागा वाटेल. ज्याला कळले त्याला ती अठराव्या शतकातले वर्तमानपत्र वाटेल, आणि तेही विरोधी पक्षाचे.

हे असे झाले. १७३३ साली पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल याने दारू आणि तंबाखूवरील अबकारीचे विधेयक आणले. देशभर काहूर उठले. कोबमने आपल्याच व्हिग पक्षाच्या पंतप्रधानाविरुद्ध उघड भूमिका घेतली. त्याबद्दल त्याच्या पलटणीचे अधिपत्य काढून घेण्यात आले. हा अपमान गिळून कोबम घरी आला तो बाग घेऊनच वॉलपोलवर उलटला. विल्यम केंट ह्या चित्रकार-वास्तुकाराच्या मदतीने त्याने वाड्याच्या पूर्वेस एक लहानसे खोरे सजविले व त्याला 'इलिजियम', म्हणजे ग्रीक पुराणातील पुण्यात्म्यांचे नंदनवन, असे नाव दिले. मधून वाहणाऱ्या ओढ्याचे नाव स्टिक्स. आपल्याकडची वैतरणीच म्हणा. एका काठावर उंच जागी प्राचीन सद्‌गुणांचे वाटोळे, सुबक देऊळ. आत चार पूर्णाकृती पुतळे: होमर कवी, सॉक्रेटिस तत्त्वज्ञ, लायकर्गस शास्ता, एपॅमिनॉन्डस सेनापती. आणि त्याच्या शेजारी आधुनिक सद्‌गुणांचे देऊळ. हे मुद्दाम पडके बांधले होते! कोसळलेल्या दगडांत एक शिर नसलेला पुतळा. तो वॉलपोलचा, असे पाहणारे समजत. अग्रलेखासाठी शाई पुरते. ह्या गृहस्थाने दगड वापरला.

ओढ्यापलीकडे अर्धवर्तुळाकार भिंतीत सोळा कोनाडे आणि त्यांत सोळा इंग्रज थोरांचे अर्धपुतळे आहेत. एका बाजूस विचार करणारे: शेक्सपिअर, मिल्टन, बेकन, न्यूटन, लॉक इत्यादी. दुसऱ्या बाजूस कृती करणारे: आल्फ्रेड राजा, एलिझाबेथ राणी, तिसरा विल्यम, ड्रेक, रॉले, आणि राजाच्या करास नकार देणारा जॉन हॅम्डेन. सोळांत स्त्री एकच. अ‍ॅन राणी नाही, चर्चचा एकही धर्मगुरू नाही. मध्यभागी व्हर्जिल कवीच्या काही ओळी कोरल्या आहेत. त्यांतून नेमकी पुण्यशील पुरोहितांची स्तुती करणारी ओळ गाळलेली आहे. त्या काळच्या सुशिक्षितास व्हर्जिल पाठ असे, त्यामुळे न लिहिलेली ओळ त्याला लिहिलेल्या ओळींपेक्षा मोठ्याने ऐकू जाई. हयात असलेल्यांतून त्या मालिकेत बसविलेला एक गृहस्थ सर जॉन बार्नर्ड, म्हणजे अबकारीच्या विधेयकास पार्लमेंटात विरोध करणारा लंडनचा प्रतिनिधी! शेक्सपिअरच्या पंक्तीला त्याला बसविण्याचे दुसरे कारण शोधू नये. आणि ह्या सर्व थोर मंडळींच्या पाठीमागे, भिंतीच्या मागल्या अंगास, मोठ्या गंभीर शब्दांत एका सद्‌गुणी इटालियन गृहस्थाचा मृत्युलेख आहे. शेवटपर्यंत वाचल्यावर कळते की तो गृहस्थ म्हणजे एक कुत्रा होता. राजकारणात गुंतलेल्या माणसाने एवढी थट्टा शिल्लक ठेवलेली पाहून आम्हांस बरे वाटले.

ही बाग खासगी असली तरी बंद नव्हती. १७१७ सालीच पाहुण्यांसाठी बागेच्या दाराशी एक खानावळ बांधली गेली. आजही पाहणारे तिच्यातूनच आत जातात. १७४४ साली बकिंगहॅममधील बेंटन सीली नावाच्या एका शिक्षकाने बागेची माहितीपुस्तिका छापली. इंग्लंडात एखाद्या बागेची अशी पुस्तिका निघण्याची ती पहिलीच वेळ. पुढे तिच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. म्हणजे मालकाला लोक यावेत, त्यांनी हिंडावे, वाचावे, आपसांत कुजबुजावे असेच वाटत होते. 'कोबमचे छावे' म्हणून ओळखले जाणारे तरुण राजकारणी येथेच जमत. त्यांच्यासाठी मैत्रीचे एक स्वतंत्र देऊळ आहे. त्या छाव्यांतला सर्वांत तडफदार म्हणजे विल्यम पिट, जो पुढे फ्रान्सविरुद्धच्या सात वर्षांच्या युद्धाचा सूत्रधार झाला. त्याचा आजा टॉमस पिट हा १६९८ ते १७०९ मद्रासचा गव्हर्नर. त्याने आपल्या देशात घेतलेला प्रचंड हिरा फ्रान्सच्या राजप्रतिनिधीला विकून घराणे वर आणले. आरंभी सांगितलेल्या त्या साठ फुटी कमानीचा आराखडा ज्याने केला तो ह्याच हिरेवाल्या गव्हर्नराचा पणतू.

फ्रान्सच्या व्हर्सायमध्ये सारे रस्ते दोरीने आखलेले आणि सारे राजाच्या शयनगृहाकडे येणारे. इंग्रजांना हे पटेना. आमच्या देशात राजा पार्लमेंटला बांधलेला आहे, तेव्हा आमच्या झाडांनाही कात्रीची गुलामी नको. आमची बाग स्वातंत्र्याची बाग, असा त्यांचा दावा होता. स्टो येथे तर तांबूस दगडाचे एक तिकोनी देऊळच पूर्वजांच्या स्वातंत्र्यास अर्पण केलेले आहे. इतिहासाच्या पुस्तकांतून हा दावा बहुधा जसाच्या तसा उतरविला जातो. पण जवळच्या बकिंगहॅम गावाचे मतदार किती, हेही पाहावयास हवे. तेथून पार्लमेंटवर दोन सभासद जात आणि त्यांना निवडून देणारे मतदार होते तेरा. ते तेरा बहुधा स्टोच्या मालकाच्या मुठीत. १८३२ च्या सुधारणेपर्यंत हाच क्रम चालला. स्वातंत्र्याचे देऊळ ज्या टेकडीवर आहे तेथून बकिंगहॅम काही फार दूर नाही.

आता ज्या गोष्टीवरून आम्ही ह्या व्याख्यानास नाव दिले तिच्याकडे येतो. स्टोच्या वाड्यासमोर उभे राहून पाहिले, तर बागेतली हिरवळ सरळ पलीकडच्या कुरणात मिसळलेली दिसते. कुरणात मेंढ्या चरत असतात. त्या बागेत का शिरत नाहीत? मध्ये कुंपण दिसत नाही, भिंत दिसत नाही. चालत चालत अगदी कडेला गेल्यावर एकदम पायाखाली खंदक दिसतो. बागेकडची बाजू सरळ चिणलेली, कुरणाकडची बाजू उतरती. मेंढी उतारावरून खाली येते, समोर भिंत पाहते आणि मुकाट्याने परत जाते. वाड्यातून पाहणाऱ्याला मात्र ह्यातले काहीच दिसत नाही. ह्या युक्तीला इंग्रजीत 'हा-हा' म्हणतात. एकाएकी खंदक पाहून माणसाच्या तोंडून जो उद्गार निघतो तोच तिचे नाव होऊन बसला. आमच्या किल्ल्यांचे खंदक शत्रूला दिसावेत, त्याला धाक बसावा म्हणून असतात. स्टो येथे किल्ल्याचीच ती विद्या, तीही एका सेनापतीच्या घरी, अगदी उलट कामास लावलेली आहे. हद्द तर राहिली पाहिजे, पण ती दिसता कामा नये.

पुतळ्यांच्या त्या खोऱ्यापासून हाकेच्या अंतरावर दाट झाडीत एक जुने चर्च आहे. पुष्कळसे पाहुणे त्याच्या बाजूने निघून जातात, कारण ते दिसू नये अशाच बेताने झाडे लावलेली आहेत. हे सेंट मेरीचे चर्च म्हणजे स्टो ह्या गावाचे चर्च. देऊळ राहिले आणि गाव गेले. त्या गावाभोवतीची सामाईक जमीन सतराव्या शतकापासून टेंपल घराण्याने कुंपणात घ्यावयास सुरुवात केली होती. बाग वाढू लागल्यावर उरलीसुरली घरेही उठली आणि काही बिऱ्हाडे जवळच्या डॅडफर्ड ह्या वाडीत गेली. पुण्यात्म्यांचे नंदनवन जेथे आहे त्याच्या अगदी कडेला माणसांची वहिवाट होती. चर्च पाडता आले नाही म्हणून ते झाडांत लपविले. आम्ही गेलो त्या दिवशी चर्चच्या अंगणात चिटपाखरू नव्हते. वाकलेले थडग्याचे दगड, त्यांवर शेवाळ, आणि पलीकडून बागेत आलेल्या मुलांचा कलकलाट. ज्या चर्चमध्ये तो माळी ब्राऊन बोहल्यावर चढला ते हेच.

हा काही एकट्या स्टोचा अपराध नव्हे. ऑक्सफर्डजवळ न्यूनहॅम कोर्टनी येथे अर्ल हारकोर्टने १७५० नंतरच्या दशकात जुने गाव उठवून मोठ्या रस्त्यालगत दुतर्फा नव्या घरांच्या ओळीत नेऊन बसविले. डॉर्सेटमध्ये मिल्टन अ‍ॅबस येथे लॉर्ड मिल्टनने एक भरभराटीचा बाजारगाव हळूहळू नाहीसा केला आणि नजरेआड एक देखणे खेडे बांधून दिले. त्या कामी ब्राऊनचाही हात होता. १७७० साली ऑलिव्हर गोल्डस्मिथने उजाड झालेल्या गावावर आपले प्रसिद्ध काव्य लिहिले, ते ह्या घडामोडींच्या वातावरणात. आणि जमीनदाराच्या राखीव रानात हरिण मारणाऱ्याचे काय होई? १७२३ साली पार्लमेंटाने जो 'काळा कायदा' केला त्यात तोंडाला काळे फासून शिकारीस जाण्यासारख्या पन्नासांहून अधिक गुन्ह्यांना फाशी ठेवली होती. हा कायदा जवळजवळ शंभर वर्षे टिकला.

ह्या रम्य कुरणांत आपल्या देशाचा पैसा किती मुरला, असा प्रश्न आपल्या मनात येणारच. स्टोपुरते बोलावयाचे तर पहिला पैसा लोकरीचा आणि दारूचा. पुढे लग्नसंबंधाने जमैकातील उसाचे मळे आणि त्यांवरील गुलामही घराण्याकडे आले. मात्र ब्राऊनचे दुसरे एक गिऱ्हाईक आपल्या चांगल्या ओळखीचे आहे. प्लासीचा रॉबर्ट क्लाइव्ह याने सरेमध्ये क्लेअरमॉन्टची जमीन विकत घेतली आणि १७६९ च्या सुमारास घर व बाग ब्राऊनकडून करवून घेतली. मेकॉलेने क्लाइव्हवरील आपल्या निबंधात एक आख्यायिका दिली आहे. मुर्शिदाबादच्या खजिन्यातल्या सोन्याने एके काळी भरलेली पेटी क्लाइव्हच्या घरी पाहून ब्राऊन चकित झाला, आणि अशी वस्तू निजण्याच्या खोलीजवळ ठेवून ह्या माणसाला झोप लागते तरी कशी, हे त्याला कळेना. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. क्लाइव्हला त्या घराचा उपभोग फारसा मिळाला नाही. १७७४ साली तो मरण पावला.

स्टो येथे ग्रीक दरीच्या माथ्यावर एक भव्य देऊळ आहे. त्याचे बांधकाम १७४७ मध्ये सुरू झाले, आणि १७६३ साली सात वर्षांचे युद्ध संपल्यावर पिटचा मेहुणा अर्ल टेंपल, जो कोबमचा वारस होता, त्याने त्याला 'ऐक्य व विजय यांचे मंदिर' असे नाव दिले. त्याच्या दर्शनी त्रिकोणात एक शिल्प आहे: जगाचे चारी खंड आपापल्या देशाचा माल ब्रिटानियापुढे आणून ठेवीत आहेत. हे शिल्प आधी खालच्या पुलावर होते. विजयानंतर ते उचलून वर बसविले. आम्ही त्या शिल्पाखाली बराच वेळ उभे होतो. त्या युद्धात फ्रेंचांचे पाँडिचेरी पडले, ते कधी? इंग्रज फौज पाँडिचेरीत शिरली १६ जानेवारी १७६१ रोजी. त्याच्या दोनच दिवस आधी, १४ जानेवारीस, पानिपतावर काय झाले ते ह्या सभागृहात सांगावयाची गरज नाही. एकाच आठवड्यात दक्षिणेत फ्रेंच संपले आणि उत्तरेत मराठ्यांचा कणा मोडला. पानिपताचा शोक आपण दोनशे साठांहून अधिक वर्षे करीत आहोत. पण त्याच आठवड्यातली ही दुसरी बातमी मात्र आपल्या पुस्तकांत क्वचितच पहिल्या बातमीशेजारी छापलेली आढळते.

टेंपल-ग्रेनव्हिल घराणे चढत गेले. १७८४ साली मार्क्विस, १८२२ साली ड्यूक. नावाला इतकी आडनावे जोडली गेली की दुसऱ्या ड्यूकचे पूर्ण नाव उच्चारावयाचे तर मध्ये श्वास घ्यावा लागे. ह्या दुसऱ्या ड्यूकने १८४५ साली व्हिक्टोरिया राणीला स्टो येथे पाहुणचार केला, आणि तीनच वर्षांत त्याचे दिवाळे वाजले. कर्ज दहा लाख पौंडांच्या वर गेले होते. १८४८ च्या उन्हाळ्यात वाड्यातील चीजवस्तूंचा लिलाव सुरू झाला तो चाळीस दिवस चालला. चित्रे, चांदी, गालिचे सर्व गेले आणि मिळाले पंचाहत्तर हजारांच्या आसपास. आपल्याकडे वाड्यातली हंडीझुंबरे जुन्या बाजारात कशी जातात ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना ह्यात नवल वाटणार नाही.

तिसरा ड्यूक वडिलांच्या उलट, हिशेबी आणि कामसू. तो आधी एका मोठ्या रेल्वे कंपनीचा अध्यक्ष होता. १८७५ ते १८८० तो मद्रासचा गव्हर्नर होता. १८७६ साली पाऊस गेला. मद्रास इलाखा, म्हैसूर, हैदराबाद आणि आपल्याकडील सोलापूर, सातारा, अहमदनगर, पुणे येथपर्यंत तो दुष्काळ पसरला. १८७८ पर्यंत एकंदर पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली असा अंदाज आहे. धान्याची निर्यात चालूच होती. व्यापारात सरकारने हात घालू नये, हा सिद्धान्त होता. ड्यूकचे सरकार काहीशी अधिक मदत करू पाहत होते, म्हणून खर्चाला आवर घालण्यासाठी कलकत्त्याहून एक अधिकारी धाडण्यात आला. त्याने दुष्काळी कामावरच्या पुरुषास दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा, एवढ्यावर मजुरी आणून ठेवली. खडी फोडणाऱ्या माणसाला किती धान्य पुरते, अशा वजनकाट्याच्या चर्चा त्या काळी चालत. माणूस किती खाऊन जगतो हा प्रश्न कागदावर सोडविला जात होता. ह्या अधिकाऱ्याचे नावही सर रिचर्ड टेंपल. स्टोच्या संस्थापकाचेच नाव आणि आडनाव! तोच पुढे १८७७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला. पुण्यात सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने, गावोगाव माणसे पाठवून दुष्काळाची हकीकत गोळा केली आणि सरकारपुढे मांडली. हा इतिहास आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. मद्रासेस दुष्काळी कामावरच्या मजुरांनी १८७७-७८ मध्ये एक कालवा खणला. त्याला गव्हर्नराचे नाव मिळाले: बकिंगहॅम कालवा. फावडी आणि टोपल्या ह्याही मजुरांच्या हाती होत्याच. चेन्नईत हा कालवा आजही त्याच नावाने आहे.

ड्यूक १८८९ साली मुलगा नसताना वारला आणि पदवी संपली. वाडा काही वर्षे भाड्याने होता. १९२१ साली उरलेसुरले, बागेतल्या पुतळ्यांसह, विकले गेले. प्राचीन सद्‌गुणांचे ते चार महापुरुषही गेले. आज तेथे आहेत त्या प्रतिकृती. १९२३ मध्ये वाड्यात एक शाळा उघडली, ती आजही चालू आहे. १९८९ साली बाग नॅशनल ट्रस्टकडे आली. ह्या संस्थेने तळ्यांचा गाळ काढला, मोडकी देवळे उभी केली, जुनी चित्रे आणि सीलीची पुस्तिका समोर ठेवून झाडे पुन्हा लावली. १७३८ च्या सुमारास बांधलेला एक चिनी पद्धतीचा लाकडी बंगला पुढच्या काळात बागेतून हलविला गेला होता. तो १९९० नंतर परत आणून बसविला. हा-हाच्या पलीकडे मेंढ्याही आहेत.

जाणाऱ्यांसाठी एक सूचना. माहितीफलक पाहुण्यांना सद्‌गुणाची वाट, दुर्गुणाची वाट आणि स्वातंत्र्याची वाट अशा तीन वाटा सुचवितात. तिन्ही चालून पाहण्यासारख्या आहेत. सबंध दिवस लागतो आणि पायांत बळकट जोडे हवेत. चर्चकडे जाणारी पायवाट सद्‌गुणाच्या देवळाकडून डाव्या हातास, झाडीतून आहे.